नाडा वळताना बोललास ते

तुळशीराम, आपण मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोटेचा नाडा, पाणी ओढायचा दोर, वळला ते. सुट्टी संपली होती तुझी. दुसऱ्या दिवशी मलकापूरला आगगाडी धरायची होती. मी म्हटलं, बस आता घटकाभर, देवाला जाऊन ये. तू म्हणालास, "देवाले काल जाऊन आलो. हा विहिरीवरचा नाडा सडून राह्यला, तो कोण वळीन?"

खरंच होतं. नाडा एकट्यानं वळत नाही. एक माणूस या टोकाला लागतो, एक त्या टोकाला, अन् तिन्ही पेड एकमेकांत गुंतू नयेत म्हणून मधात तिसरं लागतं. मी गोठ्याच्या मेढीपाशी, तू पार बाभळीखाली. मधात तुझी बायको अनसा, बोटांनी पेड अलग अलग धरून. नाडा लांब, त्यामुळं जे बोलायचं ते ओरडूनच बोलावं लागे.

"बाबा, पलटणीत असा ढिला पीळ देला त हवालदार कान पिळते!"

"मंग आण तुह्या हवालदाराले इथी. त्याच्याच हाती देतो टोक."

अनसा पदरात हसली. अंबाडीचा कुरकुर आवाज तेवढा येत होता. अन् एकदम तू बोललास, बैल कुठं बांधू असं विचारावं तशा आवाजात.

"बाबा, मी नाई आलो त अनसाचा पाट लावून देजा. बसवून नोको ठेवजा तिले."

अनसाचे हात थांबले. पेड एकमेकांवर चढले. अन् मी काय म्हटलं? मी म्हटलं, "तिकडं पीळ सुटून राह्यला. नीट धर."

तू नीट धरलास. नाडा चांगला झाला. तुझं बोलणं मात्र तिथंच बाभळीखाली पडून राहिलं. ना तू पुन्हा काढलंस ना मी. सकाळी तू गेलास.

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मला भांडायचं आहे. जिता नवरा आपल्या बायकोला दुसऱ्याच्या घरी पाटानं द्यायचं सांगतो, तेही बापाला, तेही ती मधात उभी असताना! असं कुणी बोलतं का? घरात बोलायचं होतं. मला एकट्याला बाजूला घेऊन बोलायचं होतं. तिच्यादेखत काऊन बोललास? आता कळतं, तिच्या कानावर पडावं म्हणूनच तू ती जागा धरलीस. लहानपणापासून तसाच तू. जे करायचं ते सरळ करायचं अन् बापाला उत्तर शोधत बसवायचं.

पलटणीत गेलास तेही असंच. कापसाच्या गाड्या घेऊन आपण मलकापूरला गेलो होतो. मी जिनात कापूस उतरवत होतो अन् तू तिकडं बँड वाजत होता तिथं जाऊन छाती मोजून घेतलीस. परत आलास तो म्हणालास, "बाबा, छाती भरली." मला वाटलं खोकला झाला पोराला. म्हटलं, घरी गेल्यावर अडुळसा उकळू. तू असा हसलास की बैल बुजले.

मग वाटभर मी शिव्या देत आलो. "काऊन बे? घरी काय कमी आहे?"

"कमी नाई. समुद्र पाहाचा आहे."

"मिरगात आपल्या पांदीत गुडघाभर पाणी असते, ते पाह्य ना."

"ते पाह्यलं. त्यातच बैल फसले होते ना आपले?"

तुझ्याशी बोलण्यात मी कधी जिंकलो नाही. तुझी मायही नाही जिंकली. कौतिका गेली तेव्हा तू चुलीच्या ओट्याएवढा होतास. लोक म्हणाले, दुसरी कर. मी नाही केली. केली असती तर तुला दोन वेळची भाकर तरी नीट मिळाली असती. माझी भाकर एका बाजूनं करपायची अन् दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची. तू एक दिवस मला चुलीपुढून उठवलंस. म्हणालास, "सरका बाबा, मी पाहतो." अन् माझ्यापेक्षा पातळ भाकर थापलीस. मला राग आला. खाल्ल्या मात्र तीन.

म्हणून अनसा घरात आली त्या दिवशी तिच्या हातची भाकर मोडून तू माझ्याकडं पाहिलंस अन् म्हणालास, "बाबा, सुटलो आपण." नवी नवरी लाजून आत पळाली. घरात पुन्हा बाईमाणसाच्या बांगड्यांचा आवाज आला तो तुझ्यामुळं. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. आपल्यात बोलायची पद्धत नव्हती. आता बोलतो, तर ऐकणारा नाही.

दसऱ्याच्या आसपास सरकारी कागद आला. पाटलांनी वाचला. पहिल्यांदा मनात वाचला, मग माझ्याकडं पाहिलं, मग मोठ्यानं वाचायला लागले अन् मधातच थांबले. मी म्हटलं, "राहू द्या, समजलं." घरी आलो. अनसा दारात होती. तिनं माझे हात पाहिले, तोंड पाहिलं नाही. हातात कागद होता. ती आत गेली अन् तिनं चूल विझवली.

पण कागदाला काय कळतं. तुझं खरं काय झालं ते जानेफळच्या किसननं सांगितलं. तुझ्याच पलटणीतला. दिवाळीनंतर आला, काठी टेकत, मांडीला जखम. बिचारा तसल्या पायानं एवढ्या लांब आला. ओसरीवर बसला अन् तुझं सांगायला लागला, तर पहिल्यांदा त्याला हसूच आलं.

"काका, बंदुकीवाल्याईत जाचं म्हणे त्याले. सायबानं हात पाह्यले अन् खेचराईत टाकलं. ब्रह्मदेशाच्या डोंगरात गाडी चालत नाई, सारं ओझं खेचरं वाहतेत. सायब लोकं खेचराले नंबर घालत. यानं आपल्या खेचराचं नाव ठेवलं पवळ्या. 'चाल रे पवळ्या, धुऱ्याधुऱ्यानं चाल' करे. थ्या डोंगरात कुठचा आला वावराचा बांध-धुरा! पण पंजाबी पोट्टेबी तसंच बोलाले लागले, काका. खेचरं आयकत ना त्याचं."

"अन् समुद्र?" मी विचारलं.

"पाह्यला ना. जहाजात चढला तवापासून उतरेपर्यंत ओकत होता. म्हणे, माह्या बापाले सांगू नोको बे."

मीही हसलो. अनसा दाराआड हसली, मला ऐकू आलं. अन् त्यानंतर किसननं बाकीचं सांगितलं. नाला उतरताना पवळ्या ओझ्यासकट घसरला. वरून गोळे पडत होते. सगळे पुढं निघून गेले होते. तूही गेला होतास पुढं. मग वळून परत गेलास, ओझ्याचे पट्टे सोडवायला. पट्टे सुटले. खेचर उठलं अन् चढून वर आलं. तू आला नाहीस.

खेचरासाठी? तुळश्या, एका खेचरासाठी? मी त्या किसनवरच ओरडलो, जसं काही त्यानंच तुला परत पाठवलं. तो खाली पाहत राहिला. पण मी ओरडत होतो अन् मला आतून माहीत होतं की जुंपलेलं जनावर सोडून तू पुढं जाणारा नाहीस. दुसरं काही केलं असतंस तर तो तू नव्हतास. राग येतो तो त्याचाच येतो. दुसऱ्या क्षणी वाटतं, चांगलं केलंस. मग पुन्हा राग येतो. दिवसभर असंच चालू आहे. वावरात गेलो की घरी यावंसं वाटतं, घरी आलो की वावरात. बैलांना पाणी दाखवून आलो का नाही तेच आठवत नाही, पुन्हा नेतो. बैलही आता माझ्याकडं पाहतात.

किसन म्हणाला, तुला तिथंच मातीत ठेवलं, रस्त्याच्या कडेला. आपल्या घरात तर जाळायची रीत. भटजी म्हणाले, देह नसला तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यावा लागतो. बरं म्हटलं. नदीकाठी त्यांनी पानं मांडली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. पाहिलं तर हातभराचं काही तरी.

"एवढा कुठं होता तो?" मी म्हटलं.

"अहो, विधीपुरता एवढा पुरतो."

"त्याले विधीपुरता नोको करू, महाराज. माणसापुरता कर."

पानं संपली होती. लोक म्हणाले, जाऊ द्या आता. मी ऐकलं नाही. टेकडीवर गेलो, ओंजळी भरभरून पळस ओरबाडला, उपरण्यात गाठोडं बांधून आणलं. तुझे पाय लांब केले. तू माझ्यापेक्षा वीतभर उंच होतास, मी शेजारी आडवा होऊन दाखवलं भटजीला. लोकांना वाटलं म्हातारा भ्रमला. पण त्या पानांच्या माणसाला अग्नी दिला तेव्हा तो तू होतास. भुरकन जळलास. ओली पानं असूनही.

त्याच दिवशी बायांनी अनसाच्या बांगड्या उतरवल्या.

तिचा भाऊ आला पंधरा दिवसांत. सरळ माणूस आहे, पण तोंड फाटकं. "बुवा, बहिणीले नेतो. तिचं वय काय अन् हे काय?"

मी म्हटलं, "काय हे? माह्या घरी उपाशी आहे का ते?"

"उपाशी नाई. पण तुमी किती दिवसाचे?"

"तुह्या बापापेक्षा जास्ती दिवसाचा आहो मी. जाय."

तो गेला. मी जिंकलो. अनसानं संध्याकाळी भाकर वाढली, वांग्याचं भरीत वाढलं अन् मी खाल्लं. भरीत चांगलं होतं. घास उतरत होता, म्हणजे मी किती निर्लज्ज ते पाहा. तुझं बोलणं कानात होतं, पण मी स्वतःशी म्हणायचो, पोरगं सहज बोललं असेल. नाडा वळताना माणूस काहीही बोलतो. अन् दुसरं मन म्हणायचं, म्हाताऱ्या, तुला ती पाहिजे ती चुलीसाठी. मग मी तुझ्यावरच खेकसायचो. तुला काय जातं सांगायला? तू पट्टे सोडवून मोकळा झालास. या घरात उरलो आम्ही दोघं. ती गेली तर सकाळी उठून मी कुणाला हाक मारू?

असा हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मिरग लागला.

आपल्या वावरात पराटी, म्हणजे कापूस, पेरायची तर तिफणीमागं सरता, बी सोडायची नळी, धरायला अनसाच. तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. सरकी सोडायची ती अशी की उगवल्यावर तास ओढल्यासारखं सरळ दिसावं. पण पेरणीची पहिली मूठ सवाशिणीनं धरायची. मला ते माहीत होतं, तरी ध्यानात नव्हतं. बैल जुंपले, तिफण वावरात उभी केली अन् सवयीनं म्हटलं, "अनसे, ये." ती धुऱ्यावरून हलली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शेजारच्या गोदाला बोलावून आणावं लागलं. गोदा मनानं चांगली, पण तिचा हात असा की इथं ढीग, तिथं रिकामं. अनसा धुऱ्यावर उभी. हात पदराखाली झाकलेले. पण मी तिफणीवरून पाहत होतो, पदराखाली तिची बोटं चालत होती. एक एक सरकी सोडावी तशी. तिफण जिकडं जाई तिकडं तिची बोटं.

पहिलं तास म्हणजे पहिली ओळ झाली की सरता तिनं घेतला तर कुणाची ना नसते. मी हाक मारली, "झाली मूठ. आता ये." ती म्हणाली, "चालू द्या गोदाबाईले." अन् घराकडं गेली.

तुळशीराम, मला समजवायला माणसं आली होती. मी सगळ्यांना वाटेला लावलं. पण त्या बोटांना मी काय उत्तर देऊ?

तिफण सोडली अन् घरी आलो. ती तांदूळ निवडत होती. मी दारातच उभा राहून म्हटलं, "तो काई बोलला होता. नाडा वळताना."

"मी मधातच उभी होती, मामाजी."

"मंग इतके दिवस बोलली काऊन नाईस?"

"तुमी त्याले उत्तर देलं नव्हतं."

सुपातले खडे वेचत ती एवढंच बोलली. मी म्हटलं, "तुह्या मनात काय आहे?" तिनं सूप एकदा पाखडलं. मग म्हणाली, "तुमाले भाकर कोण टाकीन?"

"भाकरीचं मले नोको सांगू. तुह्या मनातलं सांग."

"मले पेराचं आहे," ती म्हणाली. अन् मग रडली. कागद आला तेव्हा रडली नव्हती, पळसाचा माणूस जळला तेव्हाही माझ्यासमोर नाही. सूप खाली ठेवून रडली. मी तिथंच उभा. डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण सासऱ्यानं सुनेच्या डोक्यावर हात कसा ठेवायचा तेही मला माहीत नाही. मी बाहेर जाऊन उगीच बैलांना चारा टाकला. त्यांच्यापुढं चारा होताच.

दुसऱ्या दिवशी तिच्या भावाकडं गेलो अन् म्हटलं, पाह्य कोणी असला तर. त्यानं पाहूनच ठेवला होता. पिंपळगाव राजाचा नामदेव. मिरची-वांग्याचा मळा करतो. बायको बाळंतपणात गेलेली, घरात म्हातारी आई. दोघं येऊन ओसरीवर बसले. नामदेव तुझ्यासारखा उंच नाही. दिसायलाही बेताचाच. पण मी विचारलं, "बैल कोणत्या बाजूनं आवरत नाई तुहा?" तर त्यानं पाच मिनिटं बैलाचंच सांगितलं. म्हटलं, चालेल.

भाऊ म्हणाला, "बुवा, तुमी पहिल्या घरचे. तुमचं काय मागणं असन ते सांगा."

मी म्हटलं, "एकच. पेरणीची पहिली मूठ हिच्या हातानं. दरसाल."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. पाटाच्या बाईला मूठ देतात कुठं कुठं, कुठं नाही देत. नामदेव डोकं खाजवत म्हणाला, "माय कुरकुरीन."

"कुरकुरू दे. तू काय म्हणतं?"

"मूठ काय मामा, सारं वावर पेरू द्या तिले. मले कंबर दुखते."

मला हसू आलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं तोंड मला बरं वाटलं.

आखाडीच्या आधी अंधाऱ्या पंधरवड्यात पाट ठरला. गावातल्या बाया पाणवठ्यावर बोलल्या, वर्षही भरू दिलं नाही म्हाताऱ्यानं. एकीनं मला ऐकू जाईल असं म्हटलं. मी म्हटलं, "तुह्या नवऱ्यानं सांगून ठेवलं का तुले काई? माह्या पोरानं सांगून ठेवलं होतं." ती घागर उचलून चालती झाली.

निघायच्या दिवशी अनसानं आपल्या घरचे डागदागिने काढून देव्हाऱ्यापाशी ठेवले, रीत आहे. त्यातल्या पाटल्या मी तिच्या गाठोड्यात परत घातल्या. तुझ्या मायच्या होत्या. तुला विचारलं नाही, कौतिकालाही नाही. ती पाया पडली तेव्हा मी म्हटलं, "जाय." दुसरा शब्द निघाला नाही. तुला निरोप देतानाही हाच एक निघाला होता. भाऊ तिला दुपारीच घेऊन गेला. पाटाच्या जागी पहिल्या घरच्या माणसानं जायचं नसतं. मी गेलो नाही.

आता नंतरच्या सकाळचं सांगतो, कारण तिथं तू पाहिजे होतास.

आपल्याकडं पाटाच्या बाईचं तोंड पहिल्या सकाळी कुणी पाहत नाही. ज्याच्या नजरेस पडेल त्याच्या घरी वाईट होतं म्हणतात. ऊन वर येईपर्यंत तिला मागच्या खोलीत बसवतात, जात्याच्या कोपऱ्यात, तोंडावर पदर ओढून. मला अंथरुणात ते आठवलं अन् पडवेना. उठलो, धोतर आवळलं अन् पिंपळगावची वाट धरली. अर्ध्या वाटेत उजाडलं.

नामदेव दारात दात घासत होता. मला पाहून गडबडला. "मामा, आज कायले आले? आजची सकाळ..."

"माहीत आहे. बलाव तिले."

आतून म्हातारी ओरडली, "नोको हो बुवा! तोंड पाहू नये!"

"आजी, ज्याच्या घरी काई आहे त्यानं भ्यावं. माह्या घरी आता काय वाईट होणार आहे?"

नामदेवनं आत हाक मारली. अनसा आली, पदर नाकापर्यंत, मान खाली. हातात हिरव्या बांगड्या.

"वर पाह्य."

ती मान हलवून नाही म्हणाली.

"अनसे, वर पाह्य, माय."

तिनं पदर मागं केला अन् वर पाहिलं. कपाळावर कुंकू ताजं होतं. डोळे सुजले होते. मी तिचं तोंड नीट पाहिलं, तुझ्याही वाटचं पाहिलं.

"काई खाल्लं का सकाळी?" ती म्हणाली.

"नाई."

ती आत गेली. आतून भाकर थापल्याचा आवाज यायला लागला. मी नामदेवाच्या ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसलो. माणसं वावरात निघाली होती. तिचं तोंड नजरेस पडू नये म्हणून काहीजण मान वळवून दुसरीकडं पाहत जात होते. मी एकेकाला हाक मारून रामराम घातला.